ग्लायोब्लास्टोमा आणि इम्युनोथेरपी: गाडे नेमके कुठे अडले?

एकच औषध, एकच अवयव आणि दोन उलट निकाल. २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘चेकमेट २०४’ या चाचणीचे निष्कर्ष आले. मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक आक्रमक कर्करोग, मेंदूत पसरलेल्या ९४ रुग्णांना निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही औषधे शिरेतून देण्यात आली होती. त्यांपैकी ५७ टक्के रुग्णांच्या मेंदूतल्या गाठी एकतर नाहीशा झाल्या, नाहीतर लहान झाल्या, किंवा निदान सहा महिने वाढायच्या थांबल्या. दोन वर्षांनी ‘चेकमेट १४३’चा अहवाल प्रसिद्ध झाला. इथे ३६९ रुग्ण होते, सर्वांना उलटलेला ग्लायोब्लास्टोमा. एका गटाला निवोलुमॅब, दुसऱ्याला बेव्हासिझुमॅब हे जुने औषध. पहिल्या गटाचे मध्यक आयुर्मान ९.८ महिने, दुसऱ्याचे १०. थोडक्यात, नव्या औषधाने काहीच पदरात पडले नाही.

तेव्हा मेंदूत इम्युनोथेरपी (निवोलुमॅबसारखा, शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला कामाला लावणारा उपचार) चालत नाही असे सरसकट म्हणण्याची सोय उरत नाही. ती चालते, पण बाहेरून येऊन मेंदूत वसलेल्या गाठींवर. मेंदूतच जन्मलेल्या गाठीपुढे मात्र ती हात टेकते. माझे मत आधीच सांगून टाकतो: मेंदूभोवतीच्या अडसराला आपण वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त दोष दिला आणि गाठीच्या स्वभावाकडे उशिरा पाहिले.

ग्लायोब्लास्टोमा हा प्रौढांच्या मेंदूत उगम पावणाऱ्या घातक गाठींपैकी सर्वांत जास्त आढळणारा. तरीही तो तसा विरळाच. अमेरिकेत वर्षाला लाख लोकांमागे तीनेक रुग्ण. त्याच्या उपचाराची आजची चौकट २००५ साली रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी घालून दिली. शस्त्रक्रियेने काढता येईल तेवढी गाठ काढायची, मग सहा आठवडे रेडिएशन, एकूण ६० ग्रे, ३० बैठकांत. त्यासोबत रोज टेमोझोलोमाइडची कॅप्सूल आणि पुढे सहा महिने तिचीच आवर्तने. ५७३ रुग्णांच्या त्या चाचणीत मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले आणि दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर. पुढे डोक्यावर चिकटवायच्या विद्युतक्षेत्राच्या उपकरणाने आणखी काही महिन्यांची भर घातली. बाकी चौकट तीच आहे. मेलानोमा, फुप्फुस, मूत्रपिंड यांच्या कर्करोगांचे उपचार याच काळात इम्युनोथेरपीने पार बदलून टाकले, त्यामुळे ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णाचे नातेवाईक ‘डॉक्टर, आम्हालाही तीच का देत नाही?’ असे विचारतात तेव्हा तो प्रश्न अगदी रास्त असतो.

या प्रश्नाला दिले जाणारे जुने उत्तर असे: मेंदू हा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेपासून अलग ठेवलेला अवयव आहे. मेंदूत लसिकावाहिन्या नाहीत, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी घट्ट जुळलेल्या असल्याने रक्तातले फारसे काही आत झिरपत नाही, त्यामुळे आत काय चालले आहे हे प्रतिकारपेशींना कळतच नाही. या समजुतीचे श्रेय सहसा पीटर मेडावर यांना दिले जाते. १९४८ साली त्यांनी सशांच्या मेंदूत परक्या सशांच्या त्वचेचे तुकडे रुजवले आणि ते टिकले. तेच तुकडे अंगावर लावले असते तर शरीराने ते केव्हाच झिडकारले असते. मेडावर यांना १९६० साली नोबेल मिळाले आणि मेंदूचे ‘विशेषाधिकारी’ स्थान पाठ्यपुस्तकांत पक्के झाले.

पण पाठ्यपुस्तकांनी त्या प्रयोगाचा दुसरा भाग फारसा सांगितला नाही. ज्या सशाच्या अंगावर आधी त्याच परक्या सशाची त्वचा लावली होती, म्हणजे ज्याच्या प्रतिकारयंत्रणेला त्या त्वचेची आधीच ओळख झाली होती, त्याच्या मेंदूतला तुकडाही झिडकारला गेला. ओळख पटलेली असली तर प्रतिकारपेशी मेंदूत पोहोचत होत्या आणि आपले कामही करत होत्या. त्याहून जुना पुरावा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतला. जेम्स मर्फी आणि अर्नेस्ट स्टर्म यांनी १९२३ मध्ये उंदरांच्या मेंदूत परकी गाठ रुजवली. ती मेंदूच्या गाभ्यात वाढली, पण मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला जिथे तिचा स्पर्श झाला तिथे ती तग धरू शकली नाही. ही पाण्याची पोकळी लक्षात ठेवावी. शंभर वर्षांनी तीच पुन्हा कामाला आली.

२०१५ साली या समजुतीला शेवटचा धक्का बसला. व्हर्जिनिया विद्यापीठात जोनाथन किपनिस यांच्या प्रयोगशाळेतले अँत्वान लुव्हो आणि हेलसिंकीतला कारी अलितालो यांचा गट, या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या आहेत आणि त्या मानेतल्या खोल लसिकाग्रंथींपर्यंत जातात. (इटलीच्या पाओलो मास्कान्यी यांनी त्या अठराव्या शतकातच रेखाटल्या होत्या. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, इतकेच.) येल विद्यापीठातल्या अकिको इवासाकी यांच्या गटाने २०२० मध्ये पुढचे पाऊल टाकले. या वाहिन्यांची वाढ घडवणारे व्हीईजीएफ-सी हे प्रथिन उंदरांच्या मेंदूत वाढवले, तेव्हा ग्लायोब्लास्टोमावर चेकपॉइंट औषध, म्हणजे निवोलुमॅबच्या वर्गातले औषध, जास्त चांगले चालले. यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली: मेंदूतून बाहेर जाणारी वाट मुळातच आहे. अरुंद आहे, पण आहे.

मग अडते कुठे? इथे गाठीच्या आत डोकावावे लागते.

ग्लायोब्लास्टोमाच्या तुकड्यात कर्करोगाच्या पेशींखेरीज दुसऱ्या पेशींची मोठी गर्दी असते. तिचा मोठा हिस्सा, गाठीतल्या एकूण पेशींच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, हा मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज यांचा असतो. मायक्रोग्लिया मेंदूच्या घरच्या प्रतिकारपेशी. मॅक्रोफेज रक्तातून आलेल्या. म्हणजे प्रतिकारयंत्रणा गाठीपर्यंत पोहोचत नाही हे खरेच नाही, ती तिथे ठाण मांडून बसलेली असते. पण गाठीच्या सहवासात या पेशी आपले मूळ काम सोडतात. त्या गाठीला वाढीचे घटक पुरवतात, नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून देतात आणि टी-पेशींना, म्हणजे परक्या पेशी ओळखून मारणाऱ्या प्रतिकारपेशींना, दडपणारी रसायने सोडतात. त्यांपैकी एक, टीजीएफ-बीटा २, याचा इतिहास बोलका आहे. १९८० च्या दशकात झुरिकमधल्या संशोधकांना ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींतून टी-पेशी निष्प्रभ करणारा एक घटक मिळाला आणि तोच पुढे टीजीएफ-बीटा २ असल्याचे कळले. आज टीजीएफ-बीटाच्या कुळातले रेणू अनेक रोगांत अभ्यासले जातात. त्यातला हा पहिल्यांदा हाती लागला तो या गाठीतून.

टी-पेशी मात्र आत मोजक्याच, आणि ज्या असतात त्या थकलेल्या. बाकीच्या कुठे जातात? ड्यूक विद्यापीठात पीटर फेची यांच्या गटाने २०१८ मध्ये याचे चकित करणारे उत्तर दिले. कोणताही उपचार सुरू होण्याआधीच ग्लायोब्लास्टोमाच्या अनेक रुग्णांच्या रक्तात टी-पेशींची संख्या घसरलेली असते, काहींत तर एड्सच्या रुग्णांइतकी. त्या पेशी मेलेल्या नसतात. हाडांच्या मज्जेत अडकून पडलेल्या असतात, कारण मज्जेतून बाहेर पडायला लागणारा एस१पी१ हा ग्राहक (रिसेप्टर) त्यांच्या पृष्ठभागावरून गायब झालेला असतो. याच अभ्यासात माझ्या मताला छेद देणारी एक बाबही होती. उंदरांच्या मेंदूत मेलानोमा किंवा स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी रुजवल्या तरी टी-पेशी तशाच मज्जेत अडकत होत्या. तेव्हा जागेचा दोष शून्य आहे असे मला म्हणता येणार नाही. तो आहे, पण ‘चेकमेट २०४’ पाहता तो एकटा पुरेसा नाही.

दुसरे कारण जनुकांतले. मेलानोमा उन्हातल्या अतिनील किरणांनी घडतो, त्याच्या डीएनएत बदलांची गर्दी असते आणि प्रत्येक बदल टी-पेशीला ‘हे परके आहे’ असे सांगणारी खूण ठरू शकतो. ग्लायोब्लास्टोमात असे बदल फार थोडे. शिवाय एकाच गाठीच्या दोन टोकांच्या पेशी एकमेकींसारख्या नसतात, त्यामुळे एखादी खूण सापडली तरी ती सगळीकडे असेल याची शाश्वती नाही.

तिसरे कारण आपणच पुरवतो. गाठीभोवतीची सूज उतरवायला डेक्सामेथासोन द्यावेच लागते; १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून या गोळीने असंख्य बेशुद्ध रुग्ण शुद्धीवर आणले आहेत. पण ती टी-पेशींची शत्रू. रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड त्यात भर घालतात. जॉन्स हॉपकिन्सच्या स्टुअर्ट ग्रॉसमन यांनी २०११ मध्ये मोजून दाखवले की उपचार सुरू झाल्यावर दोन महिन्यांत ४० टक्के रुग्णांचा सीडी४ टी-पेशींचा आकडा २०० च्या खाली जातो. एचआयव्हीच्या रुग्णांत हाच आकडा धोक्याची रेघ मानला जातो, आणि तिथे न्यूमोनिया टाळायला जी सेप्ट्रानची गोळी देतात तीच या रुग्णांच्याही चिठ्ठीवर दिसते. प्रतिकारयंत्रणेच्या जोरावर चालणारे औषध अशा शरीरात घालून त्याच्याकडून काय अपेक्षा करायची? मेलानोमाच्या त्या गाजलेल्या चाचणीतही मुख्य गटातल्या रुग्णांना मेंदूची लक्षणे नव्हती आणि त्यांना स्टेरॉइडची गरज नव्हती. ज्यांना लक्षणे होती त्यांच्यात यश बरेच कमी होते.

चेकपॉइंट औषधांची गोष्ट एवढी ऐकल्यावर तिचा शेवट आश्चर्याचा वाटत नाही. टी-पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो आणि निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे तो सोडवतात. पण गाडीच जागेवर नसेल तर ब्रेक सोडून काय होणार? ‘चेकमेट १४३’नंतर नव्याने निदान झालेल्या रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. टेमोझोलोमाइडला कमी दाद देणाऱ्या गटात त्याच्या जागी निवोलुमॅब दिले, तर रुग्ण १४.९ ऐवजी १३.४ महिने जगले. दाद देणाऱ्या गटात टेमोझोलोमाइडला निवोलुमॅबची जोड दिली, तर ३२.१ ऐवजी २८.९ महिने. जोड देऊनही आकडा वाढला नाही.

मग एवढ्या मोठ्या चाचण्यांचा घाट घातलाच कशाला, तर उंदरांवरच्या निकालांमुळे. या क्षेत्रात सर्वाधिक वापरली जाणारी उंदराची गाठ, जीएल२६१, ही १९३९ मध्ये रसायन टोचून तयार केलेली आहे. तिच्यात डीएनएचे बदल भरपूर आणि टी-पेशींना ती सहज ओळखू येते. पीडी-१ विरोधी औषधाने हे उंदीर बरे होतात. माणसाच्या ग्लायोब्लास्टोमाशी तिचे साम्य मात्र बेताचेच. मॅक्रोफेजना वळणावर आणणारे सीएसएफ१आर-रोधक औषधही २०१३ मध्ये उंदरांत फार आशादायक ठरले आणि २०१६ मध्ये ३७ रुग्णांवर दिले तेव्हा निष्प्रभ निघाले. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात ‘मेंदूच्या कर्करोगावर औषध सापडले’ असा मथळा दिसला, तर ते कोणत्या प्राण्यात सापडले हे आधी पाहावे.

अपयशांच्या या रांगेत काही अपवाद आहेत आणि खरी शिकवण त्यांच्यातच आहे. टोरांटोच्या ‘सिककिड्स’ रुग्णालयात २०१६ च्या सुमारास दोन सख्ख्या भावंडांना निवोलुमॅब दिले गेले. दोघांनाही ग्लायोब्लास्टोमा उलटला होता आणि दोघांतही डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा जन्मतःच निकामी होती. त्यामुळे त्यांच्या गाठींत बदलांचा डोंगर साचला होता. औषधाने दोघांनाही ठळक उतार पडला. मेंदू तोच, औषध तेच, फक्त गाठ टी-पेशींना दिसण्याजोगी. मात्र याची सोपी नक्कल करता येत नाही. टेमोझोलोमाइडच्या दीर्घ माऱ्यानंतर काही गाठींत बदलांची संख्या अशीच वाढते. पण ते बदल सगळ्या पेशींत सारखे नसतात आणि २०२० च्या एका मोठ्या विश्लेषणात अशा रुग्णांना चेकपॉइंट औषधांचा उपयोग झाला नव्हता.

दुसरा अपवाद वेळेचा. टिमोथी क्लाउसी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या ३५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला पेम्ब्रोलिझुमॅब शस्त्रक्रियेच्या आधीपासून, दुसऱ्याला फक्त नंतर. आधीपासून घेणारे मध्यक १३.७ महिने जगले, नंतर घेणारे ७.५ महिने. गाठ अजून जागेवर असताना ब्रेक सोडला तर टी-पेशींना शिकायला साहित्य मिळते. गाठ काढून टाकल्यावर शिकणार कशावर, असा त्यामागचा विचार. ३५ हा आकडा लहान आहे, पण कल्पना पक्की आहे. तिची सर्वांत गाजलेली कसोटी ऑस्ट्रेलियातली. मेलानोमाचे नामवंत पॅथॉलॉजिस्ट रिचर्ड स्कोलियर यांना २०२३ मध्ये पोलंडच्या दौऱ्यात झटका आला आणि निदान झाले ग्लायोब्लास्टोमाचे. त्यांच्या सहकारी जॉर्जिना लाँग यांनी मेलानोमाच्या अनुभवावरून शस्त्रक्रियेपूर्वीच तीन चेकपॉइंट औषधे एकत्र देण्याचे ठरवले. काढलेल्या गाठीत टी-पेशींची संख्या आणि सक्रियता स्पष्ट वाढलेली दिसली. दोघांना २०२४ चा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ सन्मान मिळाला. मार्च २०२५ मध्ये गाठ पुन्हा उगवल्याचे स्कोलियर यांनी स्वतः जाहीर केले. या आजारात ती सहसा याच्या कितीतरी आधी उलटते. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे त्या दोघांइतके कुणाला ठाऊक असणार! तरी प्रश्न नीट मांडला गेला, हे श्रेय त्यांचे.

लसींबद्दल मी फार लांबण लावणार नाही. रिंडोपेपिमुट ही लस ईजीएफआरव्ही३ या ग्लायोब्लास्टोमातल्या एका खास खुणेवर बेतली होती. ७४५ रुग्णांच्या चाचणीत लस घेणारे २०.१ महिने जगले आणि न घेणारे २०. गाठ उलटली तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांत ती खूणच नाहीशी झाली होती. लस न घेतलेल्यांतही. रुग्णाच्याच डेंड्रिटिक पेशींना त्याच्याच गाठीची ओळख करून देणाऱ्या डीसीव्हॅक्स लशीचा निकाल २०२२ मध्ये आला: १९.३ महिने विरुद्ध १६.५. पण हा दुसरा आकडा त्या चाचणीतल्या तुलनागटाचा नाही. तो इतर चाचण्यांच्या नोंदींतून जुळवलेल्या रुग्णांचा आहे, आणि मुख्य निकषही मध्येच बदलला गेला. असे आकडे मला आधारासारखे वाटत नाहीत. फ्लोरिडात इलियास सयूर यांच्या गटाने २०२४ मध्ये एमआरएनए लशीचा थरबद्ध प्रकार चार रुग्णांना आणि मेंदूच्या गाठी असलेल्या दहा पाळीव कुत्र्यांना दिला, तेव्हा काही तासांतच प्रतिकारयंत्रणा खडबडून जागी झाल्याचे दिसले. कुत्र्यांना ही गाठ आपोआप होते, त्यामुळे ते जीएल२६१ च्या उंदरांपेक्षा खूपच जवळचे नमुने आहेत. पण चार रुग्ण म्हणजे चारच रुग्ण.

विषाणूंची कथाही अशीच आहे. पोलिओच्या लशीतल्या विषाणूत सर्दीच्या विषाणूचा तुकडा घालून ड्यूक विद्यापीठाने केलेला संकर गाठीत थेट सोडला, तेव्हा ६१ पैकी २१ टक्के रुग्ण तीन वर्षे जगले. जपानने २०२१ मध्ये हर्पिस विषाणूपासून बनवलेल्या डेलिटॅक्ट या औषधाला सशर्त आणि मुदतीची मान्यता दिली, तीही १९ रुग्णांच्या, तुलनागट नसलेल्या चाचणीवर. तुलनागट ठेवून केलेली टोका ५११ या विषाणूवर आधारित उपचाराची चाचणी मात्र ४०३ रुग्णांनंतर अपयशी ठरली.

सध्या सर्वांचे डोळे लागले आहेत ते कार-टी पेशींकडे, आणि इथेच ती पाण्याची पोकळी परत येते. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना गाठीवरची एखादी खूण ओळखणारा कृत्रिम ग्राहक बसवायचा आणि परत शरीरात सोडायच्या. रक्ताच्या कर्करोगात या पेशी शिरेतून देतात. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१७ मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या दहा रुग्णांना त्या तशाच दिल्या. पेशी गाठीपर्यंत पोहोचल्या, नेमलेली खूणही कमी झाली. पण गाठीभोवतीचे वातावरण उलट आणखी दडपशाहीचे झाले. अडसर ओलांडला गेला, तरी खरी अडचण जागेवरच राहिली, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नसेल.

कॅलिफोर्नियातल्या ‘सिटी ऑफ होप’ने वेगळी वाट धरली. डोक्याच्या त्वचेखाली नाण्याएवढी, घुमटाच्या आकाराची सिलिकॉनची एक कुपी बसवतात; तिची नळी कवटीतल्या छिद्रातून मेंदूच्या पाण्याच्या पोकळीत उतरते. त्वचेतून बारीक सुई टोचली की औषध थेट पोकळीत जाते, आणि आतला दाब वाढला तर त्याच सुईने पाणी काढताही येते. ही ओमाया कुपी. अयूब ओमाया या पाकिस्तानातून आलेल्या मेंदूशल्यविशारदाने ती १९६३ मध्ये अमेरिकेत मांडली. ‘सिटी ऑफ होप’च्या एका रुग्णाच्या गाठी मेंदूत अनेक ठिकाणी आणि कण्यातही पसरल्या होत्या. गाठीच्या जागी पेशी सोडल्या तर तिथली गाठ आवरली, पण दुसरीकडे नव्या उगवल्या. मग पोकळीत पेशी सोडायला सुरुवात केली आणि सगळ्या गाठी विरघळल्या. स्टेरॉइडही बंद करता आले. साडेसात महिन्यांनी नव्या ठिकाणी गाठी आल्या. त्यांच्यावर ती नेमलेली खूण, आयएल१३आर-अल्फा २, कमी झालेली होती.

म्हणून एका खुणेऐवजी दोन, हा पुढचा टप्पा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०२४ मध्ये तीन रुग्णांचा अनुभव छापला. त्यांच्या कार-टी पेशी एका खुणेला धरतात आणि दुसऱ्या खुणेला टी-पेशींशी जोडणारे प्रतिपिंड स्वतःच स्रवतात. एका रुग्णाची गाठ पाच दिवसांत जवळजवळ दिसेनाशी झाली. तिघांतल्या दोघांची गाठ पुढे परतली. पेन्सिल्व्हेनियाने त्याच सुमारास दोन खुणा ओळखणाऱ्या पेशी सहा रुग्णांना मेंदूच्या पाण्यातून दिल्या आणि सहाही जणांची गाठ सुरुवातीला आकसली. स्टॅनफर्डमध्ये मिशेल मोंजे, क्रिस्टल मॅकॉल आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या आणि तरुणांच्या मेंदूकांडातल्या व कण्यातल्या गाठींवर जीडी२ ही खूण निवडली. या गाठींवर शस्त्रक्रिया होत नाही आणि मेंदूकांडातली गाठ असलेले मूल बहुधा वर्षभरही जगत नाही. ११ रुग्णांपैकी ९ जणांच्या लक्षणांत सुधारणा झाली, चौघांच्या गाठी निम्म्याहून अधिक लहान झाल्या आणि त्यांतल्या एकाची पूर्ण नाहीशी होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. या आजारात असे पूर्वी कधी कुणी पाहिले नव्हते.

याची किंमतही आहे. मेंदूकांडात सूज आली तर जागा कुठे आहे? त्यामुळे हे उपचार अतिदक्षता विभागाच्या देखरेखीखालीच चालतात. आणखी एक घोळ एमआरआयचा. प्रतिकारपेशींनी गाठीवर चढाई केली की तिथे दाह होतो आणि चित्रात गाठ वाढल्यासारखी दिसते. म्हणून २०१५ च्या नियमावलीनुसार इम्युनोथेरपी सुरू केल्यापासून सहा महिन्यांत चित्र बिघडले, पण रुग्ण खालावला नसेल, तर लगेच औषध थांबवू नये. तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. तीन महिने थांबा, हे घरच्यांना समजावणे डॉक्टरांना नेहमीच जड जाते.

आपल्याकडचे काय? मुंबईची आयआयटी, टाटा मेमोरियल आणि इम्युनोअॅक्ट यांनी मिळून तयार केलेल्या नेक्सकार१९ या देशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेतल्या अशा उपचाराच्या सुमारे दशांश किमतीत तो मिळतो. पण त्याची खूण सीडी१९, ती रक्ताच्या काही कर्करोगांत असते. मेंदूच्या गाठीत नसते. पेशी घडवण्याचे, गोठवण्याचे, परत देण्याचे कसब मात्र आता खारघर आणि पवईत आहे, आणि खूण बदलणे हे ते कसब नव्याने उभे करण्याइतके अवघड नाही. टाटाचीच दुसरी गाजलेली चाचणी निवोलुमॅबच्या अगदी छोट्या मात्रेची. तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम देऊन १५१ रुग्णांच्या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हे कात्रण हातात घेऊन मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांचे नातेवाईक येतात. ती चाचणी डोके आणि मानेच्या कर्करोगाची होती, म्हणजे तोंड, घसा, स्वरयंत्र. मेंदू त्यात येत नाही.

शस्त्रक्रियेआधी औषध देण्याची कल्पना आपल्याकडे राबवायची तर अडचण वेगळीच येईल. रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तोवर फिट येऊन गेलेली असते, जिल्ह्याच्या ठिकाणी डेक्सामेथासोन मोठ्या मात्रेत सुरू झालेले असते आणि गाठीचा दाब इतका वाढलेला असतो की शस्त्रक्रिया आठवडाभरही लांबवता येत नाही. तेव्हा लाखो रुपये भरून ग्लायोब्लास्टोमासाठी चेकपॉइंट औषध सुचवले गेले तर तीन प्रश्न विचारावेत. गाठीच्या तुकड्यावर मिसमॅच रिपेअरची, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या त्या यंत्रणेची, तपासणी झाली का; ती बहुतेक मोठ्या प्रयोगशाळांत होते आणि औषधाच्या मानाने नगण्य खर्चाची असते. स्टेरॉइडची मात्रा आज किती आहे आणि ती खाली आणता येईल का. आणि हे औषध एखाद्या नोंदणीकृत चाचणीचा भाग आहे का. तपासणीत दोष सापडला तर टोरांटोच्या भावंडांसारखी शक्यता उरते. नाही सापडला आणि चाचणीही नसेल, तर ते पैसे घरीच ठेवावेत.